सभेनंतरचा अभ्यास

लोणंद हे गाव राजकारणाच्या अभ्यासाला फार सोयीच्या जागी आहे. गाव खंडाळा तालुक्यातले. विधानसभेला वाई आणि लोकसभेला सातारा. नीरा नदी ओलांडली की पुरंदर तालुका लागतो, तो बारामती लोकसभेत. पालखीच्या वाटेने तरडगावकडे निघाले की फलटण तालुका सुरू होतो, तो माढा लोकसभेत. ७ मे २०२४ रोजी या तिन्ही मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान झाले. बाजार एक, पुणे-मिरज लोहमार्ग एक, कांद्याचा भाव एक; पण प्रचार तीन. बारामतीत एकाच घरातल्या नणंद-भावजय समोरासमोर. माढ्यात मोहिते-पाटील आणि नाईक-निंबाळकर. साताऱ्यात छत्रपतींच्या गादीचे वारस उदयनराजे भोसले आणि माथाडी चळवळीतून आलेले शशिकांत शिंदे. लोणंदच्या स्टँडवर चहा पिणाऱ्या माणसाच्या कानावर तिन्हीकडचे बोलणे पडत होते. त्या महिन्यात कोणी वही घेऊन तिथे बसला असता, तर प्रबंधाची सामग्री घेऊनच उठला असता.

राजकीय संवादाचे पदव्युत्तर शिक्षण घेतल्यावर विद्यार्थ्याचे पुढे काय होते, हा या पुस्तिकेचा विषय. आपल्या भागात हा प्रश्न घरातच, जेवताना आणि जरा चिडून विचारला जातो : “पुढाऱ्याच्या मागं फिरायला एम.ए. कशाला लागतंय?” विचारणाऱ्या वडिलांनी अशी फिरणारी मुले पाहिलेली असतात. चार वर्षे कोणाचे तरी फ्लेक्स लावले, दौऱ्यात गाड्या जोडल्या, फेसबुकचे पान सांभाळले आणि तिशीच्या आसपास हातात काहीच उरले नाही, अशी मुले गावोगाव आहेत. म्हणून प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

माझे उत्तर सरळ आहे. भाषण ठोकायला, घोषणा रचायला, रील कापायला पदव्युत्तर शिक्षण लागत नाही. ती कामे आपल्याकडची मुले बारावीनंतरच झकास करतात. हे शिक्षण कामी येते ते सभा संपल्यावर. आपण काय बोललो, कोणी ऐकले, ऐकणाऱ्यांपैकी कोणाला पटले, आणि पटले म्हणूनच मत पडले की दुसऱ्याच कारणाने, हे शोधून काढण्यासाठी. ज्याला हे शोधता येते त्याची गरज निवडणुकीनंतरही राहते. ज्याला येत नाही त्याची गरज मतदानाच्या संध्याकाळी संपते.

उदाहरण साताऱ्याचेच घेऊ. उदयनराजे मे २०१९ मध्ये राष्ट्रवादीकडून निवडून आले, सप्टेंबरात राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि पोटनिवडणूक लागली. १८ ऑक्टोबर २०१९ रोजी साताऱ्याच्या सभेत शरद पवार बोलायला उभे राहिले आणि पाऊस कोसळू लागला. ते भिजत बोलत राहिले. तो फोटो रात्रीतून राज्यभरच्या मोबाइलवर पोचला. २१ ला मतदान, २४ ला निकाल. श्रीनिवास पाटील सुमारे ८७ हजार मतांनी विजयी. पावसाने निवडणूक फिरवली, हे वाक्य तेव्हापासून महाराष्ट्रात सिद्धांतासारखे वापरले जाते.

पण त्याच दिवशी, त्याच केंद्रांवर विधानसभेचेही मतदान होते. या लोकसभा मतदारसंघातल्या सहा विधानसभा जागांपैकी सातारा भाजपने जिंकली, कोरेगाव आणि पाटण शिवसेनेने. म्हणजे निम्म्या जागा युतीकडे. वाई आणि कराड उत्तर राष्ट्रवादीकडे, कराड दक्षिण काँग्रेसकडे. पाऊस एकच, सभा एकच, रांगही एकच. तरी दोन यंत्रांवरचे निकाल जुळत नाहीत. हजारो मतदारांनी लोकसभेला एका बाजूचे आणि विधानसभेला दुसऱ्या बाजूचे बटण दाबले असले पाहिजे. मग काम कशाने केले? भिजलेल्या सभेने, की चार महिन्यांत पक्ष बदलल्याच्या रागाने? की श्रीनिवास पाटलांच्या स्वतःच्या नावाने? ते माजी सनदी अधिकारी, कराडचे माजी खासदार, सिक्कीमचे माजी राज्यपाल. त्यांना मानणारा वर्ग सभेच्या आधीपासून होता. पावसाचा परिणाम झालाच नाही असे मी म्हणत नाही. त्या फोटोने हताश कार्यकर्त्यांना पुन्हा घराबाहेर काढले असेल, आणि ते काही थोडे नव्हे. पण ‘असेल’ आणि ‘आहे’ यांच्यामधले अंतर कापायला आकडे लागतात, मुलाखती लागतात, वेळ लागतो. या शिक्षणाची दोन वर्षे जातात ती तिथे.

दुसरा दाखला याहून अवघड आहे आणि मला तो जास्त शिकवणारा वाटतो. राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाला फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे नवे चिन्ह मिळाले आणि २४ तारखेला रायगडावर त्याचे अनावरण झाले. साताऱ्याच्या मतदानाला तेव्हा जेमतेम अडीच महिने होते. निकालात शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले. त्याच निवडणुकीत पिपाणीसारखे वाद्य चिन्ह म्हणून मिळालेल्या एका अपक्षाला ३७ हजारांवर मते पडली. पिपाणीने घात केला, असे पक्षाने म्हटले. विरोधकांनी ही हरल्यावरची सबब ठरवली. लोणंदच्या कट्ट्यावरही दोन तट पडले.

अशा वेळी शिकलेल्या विद्यार्थ्याने काय करायचे? निवडणूक आयोगाचा फॉर्म २० उघडायचा. त्यात प्रत्येक मतदान केंद्राचा हिशोब असतो : केंद्र क्रमांक, प्रत्येक उमेदवाराची मते, नोटा, एकूण. लोणंदची केंद्रे एका रकान्यात लावायची, शेजारच्या खेड्यांची दुसऱ्या रकान्यात. जिथे तुतारीवाल्या माणसाला भरघोस मते आहेत तिथेच पिपाणीचीही वाढली आहेत का, हे पाहायचे. मग जिल्ह्याबाहेर जायचे. दिंडोरीत याच चिन्हाच्या अपक्षाला लाखाहून अधिक मते गेली, पण तिथे त्याचे आडनावही मुख्य उमेदवाराशी जुळत होते. म्हणजे चिन्हाचा गोंधळ किती आणि नावाचा किती हे वेगळे काढावे लागेल. आधीच्या निवडणुकांत अनोळखी अपक्षांना साधारण किती मते पडत, तेही शेजारी मांडायचे, कारण ३७ हजारांतली काही मते तशीही पडली असती. आणि शेवटी गावात जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारायचे, तेही त्यांना ओशाळवाणे वाटणार नाही अशा रीतीने. चुकीचे बटण दाबले हे कोणी सहज कबूल करत नाही. इतके केल्यावर जे उत्तर निघेल ते दोन्ही तटांना पुरते आवडणार नाही, पण पुढच्या निवडणुकीत चिन्ह घरोघर कसे पोचवायचे, हे ठरवायला तेवढेच कामाचे असते.

विचारण्याचीही विद्या आहे. लोणंदच्या कांदा बाजारात ती उत्तम शिकता येईल. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ती ३१ मार्चला संपायची होती, पुढे वाढवली. ४ मे २०२४ ला, म्हणजे इथल्या मतदानाच्या तीन दिवस आधी, उठवली. पण टनामागे ५५० डॉलरचे किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. प्रचाराच्या भाषेत एका बाजूचा संदेश होता ‘बंदी उठली’, दुसरीचा ‘शुल्क लादले’. आता समजा, आवारात लिलाव उरकला आहे, गरव्या कांद्याच्या गोण्या शिवल्या जात आहेत आणि एक विद्यार्थिनी प्रश्नावली घेऊन एका शेतकऱ्यापाशी उभी राहते. तिने विचारले, “निर्यातबंदीचा तुम्हाला फटका बसला का?” तर उत्तर येईल, “बसला की.” प्रश्नातच उत्तर घातलेले आहे. तिने विचारले, “गेल्या वर्षभरात शेतीत सगळ्यात जड काय गेलं?” तर तो आधी पाण्याबद्दल बोलेल, मग मजुरीबद्दल, मग मुलाच्या लग्नाबद्दलही बोलेल, आणि कांद्याचा भाव कितव्या क्रमांकावर येतो हे तिला त्याच्याकडून कळेल. अडत्या शेजारी उभा असेल तर तो वेगळे बोलेल, हेही तिला कळेल. पक्षांनी आणि वाहिन्यांनी लाखो रुपये खर्चून करवलेली कितीतरी सर्वेक्षणे पहिल्या प्रकारच्या प्रश्नावर उभी असतात आणि म्हणून पडतात.

उच्च शिक्षण घेऊन लोकांशी बोलण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर डेक्कन कॉलेजात एम.ए.चा अभ्यास करत असतानाच त्यांचे पुढचे आयुष्य ठरत गेले. मोठ्या पगाराची आशा ठेवू नकोस, असे आईला कळवणारे त्यांचे पत्र त्याच दिवसांतले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हा संपादक आगरकर होते. इतिहास आणि तत्त्वज्ञान वाचलेल्या त्या तरुणाने लोकांना आवडेल तेच लिहायचे नाकारले, १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे सुरुवातीचे शालेय शिक्षण साताऱ्यात झाले. ७ नोव्हेंबर १९०० ही त्यांच्या शाळाप्रवेशाची तारीख आजही जिल्ह्यात साजरी होते. कोलंबिया विद्यापीठातून १९१५ मध्ये एम.ए., मग लंडन, मग परत येऊन मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला आणि त्याच वर्षी ते अपुरे शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. त्यांच्या गैरहजेरीत पत्र चालले नाही, बंद पडले. शिक्षण आणि चळवळ एकमेकांचा वेळ खातात, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा नसेल. पण परतल्यावर १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू करणारा संपादक साक्षी-पुराव्याने, आकड्यांनी, कायद्याच्या कलमांनी लढत होता, आणि ती धार त्या परदेशातल्या वाचनालयांतून आलेली होती. ज्या विद्यार्थ्याला दोन वर्षे ‘वाया’ जाण्याची भीती वाटते त्याने हा कालक्रम एकदा कागदावर मांडून पाहावा.

आणि तरीही, पदवी म्हणजेच संवाद असे मी म्हणणार नाही. येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांनी प्रतिसरकारच्या काळात रात्रीच्या सभांतून शेतकऱ्याला त्याच्याच बोलीत जे सांगितले, ते कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची शाळा तर नावापुरतीच झाली होती. अभ्यासक्रमाने अशा माणसांची जागा घेऊ नये. त्यांचे काम समजून घ्यायची ताकद द्यावी. क्रांतिसिंहांच्या भाषणांचा, शाहिरांच्या कलापथकांचा, सत्यशोधकी जलशांचा राजकीय संवाद म्हणून अभ्यास आपल्या विद्यापीठांत जितका व्हायला हवा तितका होत नाही, ही माझी तक्रार आहे.

विषयाची बहुतेक पाठ्यपुस्तके अमेरिकन आहेत. पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या कोलंबियातल्या सहकाऱ्यांनी १९४० च्या निवडणुकीत ओहायो राज्यातल्या एरी परगण्यातल्या मतदारांना पुन्हा पुन्हा भेटून पाहिले, आणि रेडिओ-वर्तमानपत्रांपेक्षा ओळखीच्या, मानल्या जाणाऱ्या माणसाचे बोलणे मतावर जास्त परिणाम करते असे त्यांना दिसले. आपल्या पारावर वाढलेल्या मुलाला हे वाचून नवल वाटणार नाही. नवल याचे वाटेल की ते सिद्ध करायला किती कष्ट घ्यावे लागतात. मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८ मध्ये शंभर मतदारांवर केलेली पाहणीही अशीच लहान जागेत झालेली आहे. लोणंदएवढ्या गावातही मूलभूत काम होऊ शकते, एवढे यातून घ्यावे.

शिकायचे कुठे? फक्त या नावाची पदवी शोधत बसू नये. महाराष्ट्रात हा विषय बहुधा दुसऱ्या विषयाच्या पोटात शिकवला जातो : राज्यशास्त्राच्या एम.ए.त, नाहीतर पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात. पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधला पत्रकारिता विभाग १९६४ पासून आहे; त्याच विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग आणि सुहास पळशीकरांसारख्या अभ्यासकांचे काम माहीत असायलाच हवे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात दोन्ही विषयांचे विभाग आहेत. पुण्यात एमआयटी स्कूल ऑफ गव्हर्नमेंट २००५ पासून चालते. उत्तनला रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीचा नेतृत्व-राजकारणाचा अभ्यासक्रम आहे; प्रबोधिनीची वैचारिक बाजू उघड आहे, ती माहीत ठेवून जावे. ज्यांना परदेशी जाता येते त्यांच्यासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये याच विषयाची पदवी आहे. पैशाचा विचार करता माझा कल सरकारी विद्यापीठाकडे आहे. तिथली फी परवडते आणि वर्गात सगळ्या थरांतली मुले असतात. राजकीय संवाद शिकताना तो शेजार मोलाचा असतो.

नोकरीचे म्हणाल तर सगळ्यात जास्त जाहिराती प्रचारसंस्थांच्या येतात. पगार बरा, राहणे-खाणे त्यांचे, आणि काम साखर कारखान्याच्या हंगामासारखे : गळीत सुरू असेपर्यंत रात्रंदिवस, पट्टा पडला की घरी. यात दोन-तीन निवडणुका काढाव्यात, आयुष्य काढू नये. मात्र सर्वेक्षणाचा आराखडा, केंद्रनिहाय विश्लेषण, मुलाखतींचे अर्थ लावणे ज्याला येते त्याला अशा संस्था हंगामानंतरही ठेवून घेतात. इथे ग्रामीण मुलाची एक जमेची बाजू आहे. मुंबई-दिल्लीच्या खोलीत बसलेल्या गटाला हळवा कांदा कधी निघतो आणि पालखी मुक्कामाला असताना लोणंदमध्ये प्रचार करता येत नाही हे ठाऊक नसते. त्याला फक्त इंग्रजीत दोन पाने नीट लिहिता आली पाहिजेत. ते जमत नाही म्हणून चांगली मुले मागे राहतात, आणि ते शिकता येण्यासारखे आहे.

आमदार-खासदाराच्या कार्यालयातले काम मला अधिक टिकाऊ वाटते. विधानसभेतला प्रश्न तयार करणे, योजनेची माहिती गावापर्यंत नेणे, आलेल्या अर्जांतून कोणत्या गावाला काय सलते ते ओळखणे, हा रोजचा राजकीय संवाद आहे. दिल्लीत पीआरएस या संस्थेची खासदारांसोबत काम करण्याची फेलोशिप आहे; राज्यात २०१५ मध्ये मुख्यमंत्री फेलोशिप सुरू झाली. शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयात जिल्हा माहिती अधिकाऱ्याचे पद असते आणि त्याची भरती लोकसेवा आयोगामार्फत होते. निवडणुकीत राजकीय जाहिराती तपासणाऱ्या जिल्हा समितीचे बरेचसे काम जिल्हा माहिती कार्यालयातूनच चालते. अध्यापनासाठी नेट-सेट आहे, पण जागा थोड्या आहेत, हे आधीच सांगितलेले बरे.

मुलींविषयी वेगळे बोलले पाहिजे. रात्री उशिरापर्यंत चालणारी वॉर रूम म्हटली की घरचे पाय मागे घेतात. दुसरीकडे, महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. निवडून आलेल्या सरपंच, नगरसेविका, पंचायत समिती सदस्या यांना त्यांच्या नावाने, त्यांच्या वतीने लिहिणारे-बोलणारे शिकलेले माणूस हवे असते आणि ते बहुतेक वेळा नवरा किंवा दीर असतो. इथे शिकलेल्या मुलीला खरे, सन्मानाचे काम आहे, तेही आपल्या जिल्ह्यात राहून. अशी पदे अजून कागदावर नाहीत. ती मागितली पाहिजेत.

आणि एक गोष्ट मला या शिक्षणात सगळ्यात महत्त्वाची वाटते : नाही म्हणता येणे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रातल्या ‘पेड न्यूज’ची देशभर चर्चा झाली, बातमी म्हणून छापलेला मजकूर जाहिरातीच्या दराने विकला गेला होता. आज तेच काम व्हॉट्सअॅपवर होते आणि त्याला दरपत्रकही लागत नाही. मतदारांचे मोबाइल क्रमांक, जात, आजारपण, कर्ज यांच्या याद्या हातोहात फिरतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, हे त्या याद्या वापरणाऱ्या कित्येक मुलांना माहीतही नसते. गुन्हा दाखल होतो तेव्हा नाव साहेबांचे येत नाही, पोस्ट टाकणाऱ्या पोराचे येते. कायदा वाचलेला, संशोधनाची शिस्त अंगी बाणलेला माणूस ‘हे मी करणार नाही, आणि त्याऐवजी हे करता येईल’ असे सांगू शकतो. दुसरा पर्याय हातात असतो, म्हणून त्याच्या नकाराला किंमत असते.

वाचकांपैकी जे प्रवेशाचा विचार करत आहेत त्यांना एकच विनंती. अर्ज भरण्याआधी आपल्या गावच्या मतदान केंद्रांचे गेल्या दोन निवडणुकांचे फॉर्म २० मिळवा. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ते असतात. एक रविवार त्या आकड्यांसोबत बसा. मते कुठे हलली ते खुणा करून पाहा, आणि का हलली असतील याची तुमची तीन कारणे लिहून गावातल्या तीन वेगळ्या विचारांच्या माणसांना दाखवा. त्यांनी तुमची कारणे खोडल्यावर राग न येता पुन्हा आकड्यांकडे जावेसे वाटले, तर हे शिक्षण तुमच्यासाठी आहे. घरच्यांना तसे ठामपणे सांगा आणि प्रवेश घ्या.